थांबवलेली सावली

माझे मामू नांदगावात चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवत होते. यंदाच्या जानेवारीत त्यांचा फोन आला. म्हणाले, "मुंबईला फोटोवाल्यांचं फेअर भरतंय. मला घेऊन चल."

मला आश्चर्य वाटलं. सहा वर्षांपूर्वी दुकानाचं शटर ओढल्यापासून त्यांनी कॅमेऱ्याला हात लावलेला नव्हता. धंद्यात होते तेव्हा दरवर्षी फेअरला जायचं म्हणायचे आणि कधी लग्नसराईत, कधी दहावीच्या फॉर्मांच्या गर्दीत ते राहून जायचं. आता सत्तरी ओलांडल्यावर, घ्यायचं-विकायचं काही नसताना तिथं कशाला जायचं? मी विचारलं. "काम आहे," एवढंच म्हणाले.

काय काम ते मला मनमाडला पहाटेच्या पंचवटीत बसल्यावर कळलं. महिन्याभरापूर्वी नायडोंगरीकडच्या एक बाई त्यांच्या घरी आल्या होत्या. बाईंचे वडील रेल्वेत गँगमन होते. त्यांचा आयुष्यात एकच धड फोटो निघाला, तो मामूंच्या स्टुडिओत. घरातली फ्रेम वाळवीनं खाल्ली, चेहऱ्याच्या जागी भोक पडलं. वडिलांचं वर्षश्राद्ध जवळ आलेलं. "चाचा, तुमच्याकडं त्याची काच असंल," बाई म्हणाल्या. निगेटिव्हला आमच्याकडची जुनी माणसं अजून काचच म्हणतात.

मामूंनी जुनं रजिस्टर काढलं. त्यात नोंद सापडली. 1983 सालची. नाव, तारीख, किती कॉप्या, पैसे जमा, आणि निगेटिव्हचा नंबर. पण निगेटिव्ह नव्हती. मामूंनी ती विकली होती.

हे मला माहीत नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं. दुकान बंद करताना तीन ट्रंका भरून निगेटिव्ह होत्या. भंगारवाल्यानं त्यातली एकच मागितली, सगळ्यात जुनी. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चित्र बनतं ते चांदीचं असतं. काळं दिसतं ते सगळे चांदीचे कण. रंगीत फिल्म धुताना चांदी निघून जाते आणि मागं नुसता रंग उरतो. म्हणून रंगीत निगेटिव्हला कुणी विचारत नाही. हायपोचं वापरलेलं पाणीसुद्धा चांदीसाठी विकत नेणारे लोक असतात, फोटोवाल्यांना हे ठाऊक आहे. मामूंना त्या वेळी गाळ्याचं थकलेलं भाडं द्यायचं होतं. त्यांनी ट्रंक किलोवर दिली. 1978 पासून पुढची आठ-नऊ वर्षं, म्हणजे नांदगाव आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची कितीतरी तोंडं, त्या ट्रंकेत होती.

"मी त्या बाईला काय सांगितलं माहितीये?" खिडकीबाहेर बघत मामू म्हणाले. "सांगितलं, शोधतो. विकली म्हणून तोंडातून निघालंच नाही."

बाई पुन्हा आल्या, तेव्हा भावाचा फोटो घेऊन आल्या. भावाचा चेहरा थेट वडिलांसारखा आहे म्हणे. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, आता एआय आलंय, मुलाच्या तोंडावरून बापाचं तोंड बनवून मिळतं. तो फोटो मामूंनी पाकिटात घालून आणला होता. त्याच पाकिटात आणखी एक पासपोर्ट साईझ फोटो होता, माझ्या नानीचा.

"आधी माझ्या आईवर करून बघतो," मामू म्हणाले. "मग तिच्या बापावर."

नानीच्या त्या फोटोची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ज्या घरात तसवीर असते त्या घरात फरिश्ते येत नाहीत, हे नानीनं लहानपणापासून ऐकलेलं होतं आणि तिचा त्यावर पूर्ण विश्वास होता. मुलानं फोटो स्टुडिओ टाकला तेव्हा तिनं आठ दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मग त्याच्या कमाईचं पीठ घरात येऊ लागलं आणि बोलणं सुरू झालं, पण स्टुडिओत तिनं पाऊल ठेवलं नाही. मामूंचं म्हणणं असायचं, "अम्मी, आरशात बघणं हराम आहे का? मी फक्त आरसा थांबवतो." त्यावर नानी म्हणायची, "थांबत नाही म्हणून तर तो आरसा आहे."

पुढं कॉलेजात असताना मला कळलं की आमच्या स्वयंपाकघरातला हा वाद जगभर झालेला आहे. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात फोटोग्राफी जायज ठरवणारी एक पुस्तिकाच लिहिली. चित्रकार नवी आकृती घडवतो, फोटोवाला काही घडवत नाही, तो फक्त पडलेली सावली धरून ठेवतो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. आपल्याकडं देवबंदच्या परंपरेतल्या बऱ्याच उलेमांना हे पटलं नाही. त्यांनी पासपोर्टसारख्या गरजेपुरती सूट दिली. मामूंनी मुफ्तींचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं. पण आरसा थांबवणं आणि सावली धरणं, बात एकच.

आणि ही भीती फक्त मुसलमानांची होती असंही नाही. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके सिनेमाकडं वळण्याआधी फोटोग्राफर होते. गोध्र्यात त्यांनी स्टुडिओ टाकला होता. पुढं बडोद्यात धंदा मांडला तेव्हा कॅमेरा माणसाचं आयुष्य शोषून घेतो ही समजूत त्यांना नडली, असं त्यांच्याविषयी सांगितलं जातं. माणसाची सावली दुसऱ्याच्या हातात जाणं ही कुणालाही सहज वाटणारी गोष्ट नव्हती. आता आपण दिवसाला वीस सेल्फी काढतो, त्यामुळं त्या भीतीला हसतो.

1984 साली नानी हजला निघाली. तेव्हा मुंबईहून जहाज जायचं. अर्जाला फोटो हवा होता. आता गरज होती, सूट होती. नानी पहिल्यांदा आणि शेवटची स्टुडिओत गेली. मामू सांगतात, पाचशेच्या दोन बल्बांसमोर ती अशी बसली जणू कुणी तिच्यावर बंदूक रोखली आहे. डोक्यावर पांढरी ओढणी, ओठ मिटलेले, नजर सरळ. डाव्या भुवईवर लहानपणी विहिरीच्या कठड्यावर पडल्याची खूण. यशिकाच्या रोलवर बारा फोटो निघायचे. मामूंनी आईवर एकच खर्च केला. तिनं दुसरा काढूच दिला नाही.

ती वारली त्याला पंचवीस वर्षं झाली. तिची तेवढी एकच सावली शिल्लक आहे. तिची निगेटिव्हसुद्धा त्याच ट्रंकेत होती.

गोरेगावच्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरच्या दारात पोचलो तेव्हा दुपारचे बारा झाले होते. गर्दी बघून मामू आधी बावचळले आणि मग खुलले. कारण ती सगळी त्यांचीच माणसं होती. खांद्याला बॅगा, गळ्यात पास, पायांत धुळीचे बूट. कुणी सोलापूरकडून आलेलं, कुणी विदर्भातून रात्रभर बस करून, कुणी गुजरातेतून. तालुक्याच्या गावी लग्नं, बारशी, वाढदिवस, निवडणुकीच्या सभा आणि मयती टिपणारे लोक. आत मोठ्या कंपन्यांचे झगमगते स्टॉल होते, पण गर्दी खरी होती ती अल्बमवाल्यांकडं. करिझ्मा अल्बमची जाड पानं, त्यांच्या मखमली पेट्या, पानं दाबून चिकटवणारी यंत्रं. एका कोपऱ्यात ड्रोन, दुसरीकडं एलईडीचे दिवे. एका मंचावर लग्नाचा सेट मांडला होता. नऊवारी नेसलेली नवरी, फेटा बांधलेला नवरदेव, दोघंही पगारी मॉडेल. समोर पन्नास-साठ जण नव्या लेन्सा लावून त्यांना टिपत होते. नवरी दर दहा सेकंदांनी लाजत होती.

"खऱ्या लग्नात नवरी इतकी लाजत नाही," मामू म्हणाले. "तिला झोप आलेली असते."

अशा बाजारात फोटोंचं प्रदर्शनही लावायची चाल जुनी आहे. जर्मनीतल्या कलोन शहरात 1950 पासून फोटोकिना नावाचा जगातला सगळ्यात मोठा फोटो-व्यापार मेळा भरायचा. एल. फ्रिट्झ ग्रुबर नावाच्या गृहस्थांनी तिथं यंत्रांच्या शेजारी चित्रांचीही मोठमोठी प्रदर्शनं कित्येक वर्षं भरवली. नुसती यंत्रं बघून माणसाला यंत्र कशासाठी ते कळत नाही, हे त्यांना उमगलं असावं. फोटोकिना शेवटचा भरला 2018 साली. मग मोबाईल आणि त्यामागून कोविड आला, आणि 2020 मध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर झालं. आपल्या मुंबईला तर हे नाद त्याहून जुने. इथली फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्ये स्थापन झाली, म्हणजे दागेरनं पॅरिसमध्ये आपला शोध जाहीर केल्यावर अवघ्या पंधरा वर्षांनी. भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी एक.

गोरेगावच्या हॉलच्या कडेलाही फोटो लावले होते. मोठ्या प्रिंट, काळ्या माऊंटवर, वर दिव्यांची रांग. आम्ही तिथं बराच वेळ थांबलो. फोटो खरंच चांगले होते. धुळीतून मेंढरं हाकणारा धनगर, कुंभमेळ्यातला राख फासलेला साधू, सुरकुत्यांचं जाळं झालेली म्हातारी, उंटांची रांग. आणि आम्ही. म्हणजे मुसलमान. आम्ही तीन फोटोंत होतो. एकात वरून टिपलेली ईदच्या नमाजची रांग, शेकडो पाठी एका ओळीत वाकलेल्या. दुसऱ्यात दर्ग्यातला ऊद आणि धुरातून येणारा उन्हाचा पट्टा. तिसऱ्यात काळ्या नकाबातले दोन डोळे.

मला वाईट वाटलं असं म्हणणार नाही. सवय आहे. पण मी मनात मोजत होतो. त्या शेकडो पाठींमध्ये एकही चेहरा नव्हता. धूर होता, डोळे होते, माणूस नव्हता. मुसलमान म्हणजे रांग, धूर आणि पडदा, असं कुणी ठरवून केलेलं नसतं. कॅमेरेवाल्याला चांगला प्रकाश आणि चांगली रचना दिसते, तो बटण दाबतो. सगळे मिळून तेच बटण दाबतात तेव्हा त्याचं काहीतरी वेगळं होतं.

मामू वेगळंच बघत होते. प्रत्येक फोटोखालची पट्टी ते चष्मा वर करून वाचत होते. शेवटी म्हणाले, "ह्यात एक गोष्ट नाही."

"काय?"

"नाव. फोटो काढणाऱ्याचं आहे, बक्षिसाचं आहे. ज्याचा काढला त्याचं नाही. ना त्या साधूचं, ना धनगराचं. माझ्याकडं उलटं होतं. फोटो कुणी काढला ते कुठंच लिहिलेलं नसायचं, पण रजिस्टरात बसणाऱ्याचं नाव असायचंच. नाव नसेल तर त्याला फोटो द्यायचा कसा?"

हे मला कधी सुचलं नव्हतं. मामूंच्या फोटोंना कुणी कला म्हणणार नाही. निळा पडदा, एक स्टूल, मान सरळ, दोन्ही कान दिसले पाहिजेत. पण टी. एन. शेषन यांनी नव्वदच्या दशकात मतदारांसाठी फोटोचं ओळखपत्र आणलं, त्यानंतर आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी बायांचा पहिला फोटो निघाला तो असल्याच साध्या चौकटीत. पुढं शिष्यवृत्तीच्या फॉर्मला, बँकेच्या खात्याला, रेशनच्या कामाला फोटो लागू लागले. त्या बाया मामूंकडं यायच्या. नकाब वर करायच्या, समोर बघायच्या आणि जायच्या. त्यांच्या रजिस्टरात आम्ही रांग नव्हतो. एकेक होतो, नावानिशी, समोर बघणारे. धनगर आणि गँगमनही तिथंच होते, त्याच स्टुलावर, त्याच दोन बल्बांसमोर.

प्रदर्शनानंतर आम्ही डबा खाल्ला. मामीनं खिमा आणि चपात्या दिल्या होत्या. मामूंनी दोनच घास घेतले. मग उठले आणि म्हणाले, "चल, ज्या कामाला आलोय ते करू."

जुने फोटो दुरुस्त करून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा तो स्टॉल होता. मोठा पडदा आणि समोर पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक मुलगा. फार अदबीनं बोलत होता. मामूंनी नानीचा फोटो दिला. त्यानं तो स्कॅन केला. पडद्यावर नानी आली, माझ्यापेक्षा मोठी. ओरखडे, पिवळे डाग, स्टेपलरच्या पिनेचं भोक, सगळं दिसत होतं.

त्यानं एक बटण दाबलं. ओरखडे गेले. मामू पुढं सरकले. दुसरं बटण दाबलं. धूसर कडा धारदार झाल्या, पापण्यांचा केस न् केस दिसू लागला. "वा," मामू म्हणाले. तिसऱ्या बटणाला रंग आले. ओढणी फिकट गुलाबी झाली. "पांढरी होती," मामू म्हणाले. मुलानं लगेच पांढरी केली. मग मामू थांबले. डोळे बारीक करून पडद्याजवळ गेले.

"भुवईवरची खूण कुठं गेली?"

"अंकल, ते डॅमेज समजून त्यानं क्लीन केलं. परत आणता येईल. आणि हे बघा, हे आमचं सगळ्यात नवीन." त्यानं आणखी एक बटण दाबलं.

नानीनं पापणी मिटली आणि उघडली. मान थोडी उजवीकडं वळवली. मग आमच्याकडं बघून ती हसली. दात दिसेपर्यंत.

आजूबाजूचे चार-पाच जण थांबून बघत होते. एकजण म्हणाला, "क्या बात है." मुलानं अपेक्षेनं मामूंकडं पाहिलं. त्याला लोकांचे भरून आलेले डोळे बघायची सवय असणार. मामूंचे डोळे भरून आले नव्हते. ते घाबरले होते. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"बंद कर बेटा," ते म्हणाले. "हे पुसून टाक. पुरतं पुसून टाक."

मुलगा गोंधळला. काही चुकलं का म्हणाला. मामूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझं काही चुकलं नाही. कारागिरी चांगली आहे. पण ही माझी आई नाही. माझ्या आईचे पुढचे दोन दात पडलेले होते, म्हणून ती ओठ मिटून बसली होती. हे दात कुणाचे आहेत?"

त्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते मी नंतर मामूंना समजावून सांगितलं. हे सॉफ्टवेअर असंख्य चेहरे बघून शिकलेलं असतं, आणि जिथं माहिती नाही तिथं साधारणपणे काय असायला हवं ते भरतं. ते दात कुणाचेच नव्हते आणि थोडे थोडे सगळ्यांचे होते.

त्या मुलानं मात्र एक रास्त प्रश्न विचारला. "अंकल, तुम्हीपण रिटचिंग करतच होता ना? पेन्सिलनं?"

करत होते. पूर्वी निगेटिव्हवर बारीक टोकाच्या शिसपेन्सिलीनं काम करायचे. चेहऱ्यावरचे डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायचे. स्थळासाठी मुलीचा फोटो असेल तर आई-बाप जास्तच करायला सांगायचे. मामूंनी जरा वेळ विचार केला. मग म्हणाले, "करायचो. मुरूम काढायचो, तीळ काढायचो नाही. मुरूम आठ दिवसांनी जातो. तीळ त्याच्याबरोबर कबरीत जातो."

नायडोंगरीच्या बाईंच्या भावाचा फोटो त्यांनी पाकिटातून काढलाच नाही.

संध्याकाळच्या पंचवटीत कल्याणपर्यंत आम्ही दोघं गप्प होतो. मग मीच विषय काढला. मला त्या बाईंची बाजू घ्यावीशी वाटत होती. नानीचा फोटो तुमच्याकडं आहे म्हणून तुम्हाला खोटं ओळखता आलं, असं मी म्हणालो. त्या बाईंकडं काहीच नाही. भिंतीवर हार घालायला एक चेहरा हवा आहे. भावाच्या चेहऱ्यावरून थोडाफार सारखा चेहरा निघाला आणि तिचं समाधान झालं, तर बिघडलं काय? चित्रकाराकडून अंदाजानं पोर्ट्रेट करून घेणारे लोक नाहीत का? महापुरुषांची कितीतरी चित्रं अशीच आहेत.

"चित्र म्हणून दे ना," मामू म्हणाले. "चित्राला चित्र म्हण. फोटो म्हणून देऊ नको. तिची नातवंडं म्हणतील, हा पणजोबा. दोन पिढ्यांनी तो खराच होऊन बसेल आणि ज्याचं नाव माझ्या रजिस्टरात आहे तो माणूस कुठंच राहणार नाही. एकदा मी त्याला किलोवर विकला. आता त्याच्या जागी दुसराच आणून बसवू?"

मग बोलता बोलता ते चाळीसगावच्या के. के. मूस यांच्यावर आले. आमच्या नांदगावच्या फोटोवाल्यांच्या बोलण्यात मूससाहेब येतातच. रेल्वेनं तासाभराच्या आत चाळीसगाव. तिथं स्टेशनजवळच्या दगडी बंगल्यात 1989 मध्ये वारेपर्यंत हा पारशी कलावंत राहत होता. तरुणपणी मुंबई आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेला हा माणूस पुढं जवळजवळ घराबाहेर पडलाच नाही. पंजाब मेलनं येणाऱ्या कुणाची तरी ते वाट बघत राहिले, अशी आख्यायिका या लाईनवर प्रत्येकाला ठाऊक असते. त्यांचं नाव झालं ते टेबलटॉप फोटोग्राफीसाठी. टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या, प्रकाश असा टाकायचा की फोटोत अख्खा देखावा उभा राहावा. विशीत असताना मामू दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले होते, दार वाजवायची हिंमत झाली नाही. आता तो बंगला संग्रहालय आहे.

"मूससाहेबांनी सगळं बनवलेलंच होतं," मी म्हणालो. "मग ते खोटं का नाही?"

"टेबलावर ते खरंच होतं म्हणून," मामू म्हणाले. "त्याच्यावर खरा उजेड पडला होता. आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही की हा तुझा बाप."

मुफ्ती बखीत यांच्यापर्यंत मी पुन्हा पोचलो तो असा, इगतपुरीच्या आसपास. सावली धरण्यासाठी आधी कुणीतरी उजेडात येऊन बसलेलं असावं लागतं. नानी बसली होती, गँगमन बसला होता. फोटोत जे काही पवित्र म्हणावं असं असतं, ते बहुधा एवढंच आहे. आणि नानीचा आक्षेपही मला आता वेगळा ऐकू येत होता. घडवणारा मी नाही, हे माणसानं विसरू नये, एवढंच ती सांगत असावी. मुलानं वर्षानुवर्षं तिच्याशी वाद घातला आणि म्हातारपणी एका स्टॉलसमोर उभा राहून तिच्याच बाजूनं बोलला. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. त्यांना ते कळलेलं होतंच.

दोन दिवसांनी आम्ही नायडोंगरीला गेलो. मामूंनी बाईंना ओसरीवर बसूनच सगळं सांगितलं. निगेटिव्ह हरवली नाही, मी विकली. गाळ्याचं भाडं थकलं होतं. बाई काही बोलल्या नाहीत. आत जाऊन चहा घेऊन आल्या. मला वाटतं, त्या पाच मिनिटांत त्या रडून आल्या असाव्यात. मामूंनी भावाचा फोटो परत दिला. मशीनवर काय होतं ते सांगितलं आणि म्हणाले, "तुला हवंच असेल तर गावातला पोरगा करून देईल, मी अडवणार नाही. पण मी करणार नाही."

मग त्यांनी पिशवीतून रजिस्टर काढलं. ते पान उघडून बाईंसमोर धरलं. फोटो घेऊन गेल्याची सही म्हणून त्या ओळीत अंगठा होता, जांभळ्या शाईचा. बाईंनी त्यावर आपलं बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. रेषा स्पष्ट होत्या.

मामूंनी ते पान पट्टी लावून कापलं आणि बाईंना दिलं. रजिस्टरचं पान फाडताना मी त्यांना पहिल्यांदा पाहत होतो. आणि एक सांगितलं, "तुझे बाबा रेल्वेत होते. त्यांच्या कागदांत कुठंतरी फोटो लागलेला असेल, पासाला, नाहीतर पेन्शनला. बहुतेक मीच काढलेला असेल. अर्ज करून बघू. अर्ज हा लिहील." हा म्हणजे मी.

अर्ज लिहून दिला आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

राहिलेल्या दोन ट्रंका आता माझ्या घरी आहेत. एक साधा स्कॅनर घेतला आहे. रविवारी मामू येतात, रजिस्टर उघडून नंबर वाचतात, मी निगेटिव्ह लावतो. पडद्यावर चेहरा उमटला की ते नाव सांगतात आणि मी फाईलला तेच नाव देतो. ओरखडे काढत नाही. मोहल्ल्यात आणि बाजारात सांगून ठेवलं आहे, 1987 नंतर मामूंच्या स्टुडिओत कुणी फोटो काढला असेल तर येऊन घेऊन जावा. आतापर्यंत अकरा जण येऊन गेले. त्याआधीच्यांना काय सांगायचं ते मामूंनी ठरवलं आहे. खरं तेच सांगायचं, आणि रजिस्टरचं पान द्यायचं.